कॅमेऱ्याकडे बघू नका, मामा

प्रिय बिरप्पा मामा,

काल सकाळी दुकानाचं शटर वर ढकलत होतो आणि तुमच्या मायाप्पाचा फोन आला. "सर, पाडव्याला येताय न्हवं? दोनी काका आल्यात मेंढरं घिऊन. औंदा समद्यांचा फोटू काडायचाच म्हनतीया आई." मी म्हटलं, येतो. आठच्या आत येतो. फोन ठेवला आणि शटर अर्ध्यावरच धरून उभा राहिलो. मागं एक बाई गोळ्यांची चिठ्ठी घेऊन ताटकळत होती, तिनं दोनदा हाक मारली तेव्हा कुठं भानावर आलो.

गेल्या दिवाळीच्या पाडव्यालाही मी आठच्या आत येतो असंच म्हणालो होतो. आठवतंय ना? तुम्ही विसरणारे नव्हेच!

म्हणून हे पत्र. तुमच्या वस्तीवर पुन्हा पाय ठेवायच्या आधी तुम्हाला सगळं सांगून टाकायचं आहे. तुम्हाला अक्षरओळख नव्हती, हे मला ठाऊक आहे. औषधाच्या पाकिटावर काय लिहिलंय ते मीच वाचून दाखवायचो. तेव्हा आताही मी वाचतोय आणि तुम्ही काठीवर हनुवटी टेकवून ऐकताय, असं समजा. मध्येमध्ये "बरं" म्हणत जा, म्हणजे मला पुढं लिहायला धीर येईल.

आपली ओळख झाली तीच मुळी तुमच्या ओरडण्यानं! मंगळवेढ्याच्या रस्त्यावरून आत, त्या उघड्या माळावर मी धाविक पक्ष्यांच्या मागं पळत होतो. नवी लांबडी लेन्स घेतली होती, डोक्यावर चट्ट्यापट्ट्याची टोपी होती, आणि पक्षी माझ्यापुढं शंभर पावलं राखून आरामात चालत होते. तेवढ्यात बांधावरून आवाज आला. "ओ टोपीवालं! पाखरू हाय ते, यष्टी न्हवं, पळत जाऊन धरायला!"

मला राग आला होता, मामा. शहरात माझं औषधाचं दुकान, चार लोक मला सर म्हणतात, फोटो क्लबात मी जुना सभासद, आणि हा मेंढरं राखणारा मला शिकवतोय! पण तुम्ही जवळ आलात, खांद्यावरचं घोंगडं काढून माझ्या अंगावर टाकलंत आणि म्हणालात, "मेंढरात या. मेंढराला कोन भेत न्हाय."

त्या दिवशी मी पहिल्यांदा तुमच्या कळपात शिरून वाकून चाललो. मेंढरं चरत पुढं सरकतील तसं आपण सरकायचं, ती थांबली की थांबायचं. गुडघे बोलायला लागले, नाकात लोकरीचा वास भरला. आणि धाविक? माझ्यापासून दहा पावलांवर येऊन किडे टिपू लागला! मी श्वास रोखला होता आणि तुम्ही मागं तंबाखू मळत हसत होता.

पुढं चार वर्षं मी तुमच्या मेंढरांच्या आडून काय काय टिपलं! काळवीट, खोकड, माळावरची पखुर्डी पाखरं. क्लबात सगळे विचारायचे, इतक्या जवळून कसं काय साधतं तुम्हाला? मी म्हणायचो, सराव. एकदाही तुमचं नाव घेतलं नाही. जागा गुप्त ठेवायची असते, असं मी स्वतःला समजावायचो. जागा गुप्त ठेवायची असते, हे खरंच आहे. पण माणूसही कशाला गुप्त ठेवायचा हो?

आता खरी गोष्ट. तुमचा पहिला फोटो मी काढायला गेलो तो दिवस आठवा. मी कॅमेरा वर केला मात्र, तुम्ही काठी बाजूला टेकवलीत, पटका सारखा केलात, सदऱ्याचं वरचं बटण लावलंत, दोन्ही हात मांड्यांना चिकटवलेत आणि शाळेत राष्ट्रगीताला उभं राहावं तसे ताठ उभे राहिलात. थेट माझ्याकडे बघत. ओठ मिटलेले, पण डोळ्यात हसू मावत नव्हतं.

मी हसलो. म्हणालो, "मामा, असं नाही. कॅमेऱ्याकडे बघू नका. मी नाहीच असं समजा. तुमचं काम करत राहा."

"मग फोटू कुनाचा काडनार?"

"तुमचाच. पण नैसर्गिक."

तुम्ही "बरं" म्हणालात. आणि मी तिथंच उभ्या उभ्या, कॅमेऱ्याच्या पडद्यावर, तो ताठ उभा राहिलेला फोटो पुसून टाकला. त्यानंतरही महिनाभर तुम्ही चुकून लेन्सकडे बघायचा आणि मी चुकून काढलेले ते सगळे फोटो पुसायचो. पोझ आली की फोटो मेला, असं आमच्या क्लबात मानतात. मीही नव्या पोरांना हेच शिकवत होतो, मोठ्या तोऱ्यात.

आणि तुम्ही इतके शहाण्यासारखे ऐकणारे असाल, असं मला कुठं ठाऊक होतं! एकदा अंगवळणी पडलं ते पडलं. चार वर्षं तुम्ही पुन्हा कॅमेऱ्याकडे बघितलं नाहीत. मी कॅमेरा उचलला की तुम्ही मान वळवायचा. मेंढरांकडे, आभाळाकडे, कुठंही, पण माझ्याकडे नाही. मला ते आवडायचं. मी म्हणायचो, मामा आता तयार झाले!

त्या धुळीच्या फोटोचं काय झालं ते तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. उन्हाळ्यातली सकाळ, सूर्य समोर, मेंढरांच्या खुरांनी उठलेली सोनेरी धूळ आणि तिच्यात शिरणारे तुम्ही, पाठमोरे, काळ्या आकृतीसारखे. त्याला क्लबाच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. मी मोबाइलवर तुम्हाला दाखवला, तर तुम्ही डोळे बारीक करून विचारलंत, "ह्यो कोन?"

"तुम्हीच की!"

"आसं?" बराच वेळ बघितलंत. मग माझं मन राखायला म्हणालात, "मेंढरं बरी आल्याती."

हे अर्धं झालं. उरलेलं अर्धं असं, की त्या फोटोखाली नाव काय द्यायचं म्हणून मी दोन दिवस डोकं खाजवलं आणि लिहिलं, 'अनाम वाटसरू'. अनाम! मला तुमचं नाव माहीत होतं. तुमच्या बायकोचं, पोराचं, दोन्ही कुत्र्यांचं नाव माहीत होतं. काशव्वा मामीच्या हातची भाकरी मी कितीदा खाल्ली असेल! ती कानडीत जेवायचा आग्रह करायची, "ऊटा माड्री, सर" म्हणायची, कारण माझ्या घरीही कानडी बोलतात हे तिला कळल्यावर तिला कोण आनंद झाला होता. आणि मी तुम्हाला अनाम करून भिंतीवर लावलं, वर टाळ्याही घेतल्या.

तुम्ही माझ्याकडे चार वर्षांत एकच गोष्ट मागितलीत. सगळ्या घराचा एकत्र फोटो.

पहिल्यांदा मागितलात तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. दुसऱ्यांदा मागितलात तेव्हा कारण सांगितलंत. "आमच्या बाचा फोटू न्हाय, सर. कसा दिसायचा त्ये माज्या डोस्क्यात हाय. म्या गेल्यावर त्येबी जानार. पोरांनी इचारलं, आजा कसा हुता, तर काय दावायचं?" मी म्हटलं, काढू की मामा, त्यात काय! आणि खरंच त्यात काय होतं? एका मिनिटाचं काम. पण मला माणसं रांगेत उभी करून फोटो काढण्याचा कंटाळा यायचा. लग्नातल्या फोटोग्राफरचं काम ते, असं वाटायचं. मी वन्यजीववाला!

तिसऱ्यांदा तुम्ही दिवसच ठरवलात. पाडवा. त्या दिवशी मेंढरांची पूजा असते, शिंगं रंगवायची असतात, सगळे वस्तीवर असतात. दुपारी बाराच्या आत तुमचे दोन्ही भाऊ आपापली मेंढरं आणि बायकापोरं घेऊन बाहेरच्या मुलखात निघतात, ते थेट पावसाळ्याच्या तोंडाला परत. "आठ वाजता या, सर. ऊन कवळं आस्तंय तवा. तुमाला कवळं ऊन लागतंय न्हवं?" बघा, माझ्या उन्हाची काळजीसुद्धा तुम्हीच केलीत.

आता ऐका. मी त्या दिवशी पहाटेच निघालो होतो. साडेसहाला माळावर पोचलो. वाटलं, आठला अजून अवकाश आहे, जरा त्या ओघळीकडे चक्कर टाकू. आदल्याच आठवड्यात तुम्ही मला ती दाखवली होती. "हितं लांडग्याची जोडी येतीया, पान्याला. गप पडून ऱ्हायचं, दिसंल." गाडी बाभळीखाली लावली आणि पोटावर सरपटत कडेला जाऊन पडलो.

जोडी आली. मामा, मी वीस वर्षं कॅमेरा घेऊन हिंडतोय, पण असं कधी दिसलं नव्हतं. मादी बसली, नर तिच्याभोवती फिरला, दोघांनी एकमेकांच्या तोंडाला तोंड लावलं. मग नरही बसला, माझ्याकडे बाजू करून. मी घड्याळ बघितलं. आठला दहा कमी होते. उठलो असतो तर जोडी पळाली असती. हो, एवढंच कारण. म्हटलं, यानं एकदा माझ्याकडे बघू दे, की निघतो.

फोन मी आवाज बंद करून खिशात ठेवला होता. नऊ वाजले. साडेनऊ वाजले. मला तुम्ही सगळे दिसत होता हो! नवी धोतरं, नवी लुगडी, तेल लावून चापून बसवलेले पोरांचे केस. दिसत होता, तरी मी पडून राहिलो. अखेर नरानं मान वर केली आणि सरळ समोर बघितलं. मी बोट दाबलं. लगेच दोघं उठून ओघळीत गडप झाली.

तरीही मी लगेच निघालो नाही. फिरून येतील म्हणून आणखी दोन तास पडून राहिलो. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, माझ्या बायकोलासुद्धा नाही.

वस्तीवर पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. थोरल्या चिंचेखाली तुम्ही, मामी, मायाप्पा आणि सूनबाई, एवढेच. भाऊ निघून गेले होते. जमिनीवर गेरूचे थेंब सांडलेले, दोन बाजा फोटोसाठी सरळ रांगेत मांडलेल्या, त्यावर घडी घातलेलं नवं घोंगडं अंथरलेलं. कुणीही त्यावर बसलेलं नव्हतं. चुरगळेल म्हणून.

मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच म्हणालात, "गाडी पंक्चर झाली आसंल की, सर?"

आणि मी ते पकडलं. बुडत्या माणसासारखं पकडलं. "हो हो, पंक्चरच झाली!" म्हटलं. वर आणखी, जॅक सापडत नव्हता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, असंही रचून सांगितलं. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. "बरं," म्हणालात.

मामी म्हणाली, "हाय तेवड्यांचा तरी काडा की." तुम्ही लगेच उठलात. पटका सारखा केलात. बटण लावलंत. आणि मी काय म्हणालो? वर बघितलं आणि म्हणालो, "आता ऊन फार कडक झालंय, मामा. डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. चांगला येणार नाही. पुढच्या पाडव्याला सगळ्यांचा मस्त काढू."

चांगला येणार नाही! कॅमेरा माझ्या गळ्यात होता. तुम्ही समोर उभे होता. बटण लावलेलं होतं.

तुम्ही त्याच घोंगड्यावर मला जेवायला बसवलंत.

लांडग्याचा तो फोटो गाजला, हे तुम्हाला सांगितलंच होतं. मोठा करून दुकानात काउंटरच्या मागं लावला. जो तो म्हणायचा, काय नजर आहे! सरळ कॅमेऱ्यात बघतोय! मी फुलून जायचो. लांडग्यानं कॅमेऱ्याकडे बघितलेलं मला चाललं, मामा. तुम्ही बघितलेलं नाही चाललं. हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, आता एक दिवसही डोक्यातून जात नाही.

चैत्रात तुम्ही गेलात. मी उजनीच्या पाण्यात नावेत बसून रोहित पक्ष्यांचे फोटो काढत होतो. फोनला रेंज नव्हती. मायाप्पाचा फोन लागला तेव्हा पाच दिवस उलटले होते. "सर, अण्णा गेलं. मेंढरं पान्यावर नेताना छातीत कळ आली, तितंच बसलं." मग तो म्हणाला, "एक काम हुतं, सर. अण्णांचा फोटू पायजे. तोंडाचा."

मी म्हटलं, अरे, माझ्याकडे ढिगानं आहेत. उद्याच पाठवतो.

संगणक उघडून बसलो. चार वर्षांचे सगळे फोटो एकेक करून बघितले. काठीवरचा तुमचा हात होता, शिरा आणि नखांसकट. भेगाळलेल्या टाचा होत्या. मागून बांधलेला पटका होता. घोंगडं पांघरून वाकलेली पाठ होती. छातीशी धरलेलं कोकरू होतं, त्याच्या नाकावरचा थेंबसुद्धा स्पष्ट, आणि वर तुमची हनुवटी चौकटीबाहेर कापलेली. एका फोटोत तुमचा पूर्ण चेहरा होता, मामा. पण पुढं कोकरू होतं ना, म्हणून मी मागचं सगळं मुद्दाम धूसर केलं होतं. ते मागचं सगळं म्हणजे तुम्ही.

बायको चहा घेऊन आली. पडद्याकडे बघून म्हणाली, "तुमच्याकडे खोकडाच्या मिशा मोजता येतील असे फोटो आहेत. आणि मामांचा एक नाही?"

पुसलेले फोटो परत आणता येतात, म्हणून जुनी कार्डं घेऊन ओळखीच्या एका माणसाकडे गेलो. त्यानं चार दिवस खटपट केली. बहुतेकांवर नंतरचे पक्षी बसले होते, खाली काही उरलं नव्हतं. एकच फोटो निम्मा आला. पटका, कपाळ, भुवया. त्याच्याखाली नुसता करडा पट्टा. तो पहिल्या दिवसाचा होता. तुम्ही ताठ उभे राहिला होता, तो. पट्टा आणखी एक बोटभर खाली असता तरी डोळे मिळाले असते!

शेवटी मायाप्पानं आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतला. त्यात तुम्ही पोलिसानं धरल्यासारखे दिसता. दिवसकार्याला आलेला तुमचा धाकटा भाऊ हार घालता घालता थांबला आणि म्हणाला, "ह्यो आमचा दादा न्हाय." मी मागं भिंतीला टेकून उभा होतो. तिथून मान खाली घालून निघून आलो.

मग दोन महिन्यांनी मी तो धुळीचा फोटो मोठा करून, काच लावून वस्तीवर नेला. रिकाम्या हातानं जायची लाज वाटत होती, आणि माझ्याकडे न्यायला दुसरं होतं तरी काय? खालचं 'अनाम' कापून टाकलं होतं. मामीनं पदरानं काच पुसली. मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बघत राहिली. म्हणाली, "आसंच जायाचं रोज सकाळी. म्या दारातनं बघायची." मला वाटलं, सुटलो. तिला तो आवडला.

मग ती म्हणाली, "एकदा हाक मारायची की ओ, सर. वळलं आस्तं."

रागानं नाही म्हणाली. कालवणात मीठ कमी पडलंय, असं सांगावं तसं म्हणाली.

कोंबड्या पायाशी टिपत होत्या, त्यांच्याकडे बघत बसलो. मग तिनं जे सांगितलं, ते तुम्ही मला कधीच सांगितलं नसतं. "त्येंनीबी तुमाला न्हाय मारली हाक. पाडव्याला. नऊ वाजून गेलं तरी तुमचा पत्त्या न्हाय, म्हनून हुडकत गेलं की तुमाला. आल्यावर इचारलं म्या, दिसलं का सर? तर म्हनलं, दिसलं. पालथं पडल्यात, लांडग्याम्होरं. म्या मागं हुबा ऱ्हायलो जरा. म्हनलं, हाक मारली तर लांडगं उठंल, फोटू जायाचा सरांचा. आलो तसाच."

मामा, तुम्ही माझ्या मागं उभे होता?

म्हणजे पंक्चर हा शब्द तुम्ही मला दिलात तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं! भावांनाही तुम्हीच तसं सांगितलं होतं म्हणे. सरांची गाडी पंक्चर झालीय, बिचारं अडकलंय. नव्या कपड्यांतली ती सगळी माणसं उन्हात ताटकळत असताना, त्यांनी माझ्यावर चिडू नये म्हणून तुम्ही आयुष्यात बहुधा पहिल्यांदा खोटं बोललात. आणि मी तुमच्याच तोंडावर जॅकची गोष्ट रचत होतो! का ऐकून घेतलीत? एक शिवी हासडायची होती! पहिल्या दिवशी टोपीवालं म्हणून ओरडलात, तसं ओरडायचं होतं!

परत आल्यावर घरी न जाता थेट दुकानात गेलो. लांडग्याच्या फोटोसमोर उभा राहिलो. सात-आठ महिने बघत होतो त्याच्याकडे, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. तो माझ्याकडे बघत नाही. लेन्सकडेही नाही. त्याची नजर जरा वर आहे, माझ्या डोक्यावरून मागं. मूळ फोटोवर नोंदलेली वेळ काढली. दहाला पाच कमी.

तो तुमच्याकडे बघतोय, मामा.

लोक ज्या नजरेचं कौतुक करत होते, ती तुमच्यासाठी होती. तुम्ही मागं आलात म्हणून त्यानं मान वर केली, आणि म्हणून मला फोटो मिळाला. नाहीतर त्यानं माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नसतं. मी वेड्यासारखा त्याचा डोळा मोठा करत गेलो, पडद्यावर नुसते पिवळे चौकोन उरेपर्यंत. वाटलं, बुबुळात तुम्ही दिसाल. बारीक का होईना, पटका दिसेल. काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो फोटो भिंतीवरून उतरवला. गिऱ्हाइकं विचारतात, लांडगा कुठं गेला? मी सांगतो, त्यात एक माणूस यायचा राहून गेला. लोकांना वाटतं, सरांचं डोकं फिरलं. वाटू दे.

मला माफ करा, असं लिहायला बसलो होतो. पण तुम्ही लगेच "जाऊ द्या की" म्हणाल, ते मला नको आहे. फार स्वस्तात सुटेन मी. त्यापेक्षा परवा काय करणार आहे, ते सांगतो.

मी पाडव्याच्या सकाळची वाट बघणारच नाही, उद्या संध्याकाळीच वस्तीवर मुक्कामाला येतोय. लांबडी लेन्स घरी कपाटात कुलूप लावून ठेवली आहे, किल्ली बायकोकडे. वाटेत माळढोक जरी रस्ता अडवून उभा राहिला तरी गाडी थांबणार नाही. सकाळी सगळे जमले, की आधी तुमच्या भावांना सांगणार, की गेल्या वर्षी गाडी पंक्चर झाली नव्हती, तुमचा दादा माझ्यासाठी खोटं बोलला. त्यांना काय बोलायचं ते बोलू देत. मग बाजांवर सगळ्यांना बसवणार. मामी तो तुमचा पाठमोरा फोटो मांडीवर घेऊन मध्ये बसणार आहे, तिनं तसं मायाप्पाकरवी कळवलंय. ऊन कोवळं असो नाहीतर डोक्यावर आलेलं असो, सावल्या पडोत नाहीतर डोळे मिटोत, मी काढणार. प्रत्येकाचं नाव घेऊन सांगणार, कॅमेऱ्याकडे बघा. आणि तिथल्या तिथं एकही पुसणार नाही.

आणि बटण दाबायच्या आधी, मामा, मी कॅमेऱ्यावरून मान वर काढून, मामीच्या मांडीवरच्या त्या पाठीकडे बघून हाक मारणार आहे. अख्ख्या माळाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. ओ बिरप्पा मामा, हिकडं बघा!

लांडगा उठला तर उठू दे.

तुमचा,
शिवानंद, तुमचा टोपीवाला